कप ऑफ कॉफी (बेसबॉल)

कप ऑफ कॉफी हा अमेरिकन बेसबॉलमधला बोलीतला शब्द. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या लीगमध्ये, एक-दोन मॅच किंवा फार तर काही आठवडे खेळून बाहेर पडलेल्या प्लेयरबद्दल तो वापरतात, म्हणजे गडी आला, एक कप कॉफी पिण्यापुरता टेकला आणि गेला. शब्द थोडा नंतर रूढ झाला, पण असे प्लेयर प्रोफेशनल बेसबॉलच्या पहिल्या काही दशकांत पैशाला पासरी सापडतात, आणि त्यांना खेळता येत नव्हतं म्हणून ते गेले असं सरसकट समजणं मला तरी चुकीचं वाटतं.

मुळात टीमच टिकत नव्हत्या. 1869 मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जने उघडपणे सगळ्या प्लेयर्सना पगारावर ठेवलं, 1871 मध्ये नॅशनल असोसिएशन ही पहिली प्रोफेशनल लीग आली, तिची पहिली मॅच 4 मे 1871 ला फोर्ट वेनच्या किकिओंगा टीमने 2-0 ने जिंकली आणि तीच टीम सीझन संपायच्या आत बंद पडली. 1884 ची युनियन असोसिएशन तर एकाच सीझनमध्ये आटोपली, त्यातली सेंट पॉलची टीम जेमतेम 9 मॅच खेळली. टीमच उरली नाही तर माणूस खेळणार कुठे?

दुसरं म्हणजे टीममध्ये माणसं मोजकी असायची. कोणी जखमी झाला की गावातला नाहीतर कॉलेजातला पोरगा उभा करायचे, मॅच झाली की तो आपल्या घरी, पण रेकॉर्डमध्ये नाव कायमचं. आणि जखमा व्हायच्याच, कारण ग्लोव्ह नव्हते, बॅटरच्या मागे उभे राहणारे कॅचर उघड्या हातांनी बॉल पकडायचे. आपल्याकडं विकेटकीपरला ग्लोव्हशिवाय फास्ट बोलिंगसमोर उभं करून बघा म्हणजे कल्पना येईल.

नियमही सारखे बदलायचे. बम्पस जोन्स या पिचरने (बॅटरला बॉल टाकतो तो पिचर) 15 ऑक्टोबर 1892 ला सिनसिनाटीकडून मेजर लीगमधली आपली पहिलीच मॅच खेळताना नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोचेल असा फटका, मारता आला नाही. पुढच्याच सीझनला पिचरची जागा मागे सरकवून बॅटिंगच्या जागेपासूनचं अंतर 60 फूट 6 इंच केलं, आणि जोन्सचा जम परत बसलाच नाही. एकूण 8 मॅच, 2 विजय, 4 पराभव, संपलं करिअर.

काहींना मात्र सरळ दार बंद केलं गेलं. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा कॅचर 1884 मध्ये टोलेडोकडून 42 मॅच खेळला. त्याच्याच टीमचा पिचर टोनी मुलेन याने पुढं स्वतः कबूल केलं की वॉकर उत्तम कॅचर होता, पण तो काळा म्हणून कुठला बॉल टाकायचा याच्या त्याच्या खुणा मी पाळायचो नाही, मनाला येईल तसा बॉल टाकायचो. म्हणजे येणारा बॉल कुठला असेल याचा काहीच अंदाज नसताना वॉकर तो झेलत होता, हे वाचलं की त्या 42 मॅचेसची किंमत कळते. त्याचा भाऊ वेल्डी 5 मॅच खेळला. त्यानंतर 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगने उघडपणे काळ्या खेळाडूला घेतलंच नाही.

पिचर जिम डेव्हलिनची गोष्ट वेगळी. 1877 मध्ये लुईव्हिलसाठी टीमची प्रत्येक इनिंग त्याने एकट्याने टाकली, पण पैसे घेऊन मॅच हरल्याचं उघड झालं आणि तो व आणखी तिघं कायमचे बाद झाले. परत घ्या म्हणून तो विनवण्या करत राहिला, शेवटी फिलाडेल्फियात पोलिसात लागला आणि 1883 मध्ये क्षयाने गेला.

सगळ्यात अजब कॉफी 18 मे 1912 ची. डेट्रॉइट टायगर्सच्या टाय कॉबने स्टँडमध्ये घुसून एका प्रेक्षकाला मारलं, त्याला सस्पेंड केलं, त्यावर टीमच्या बाकी प्लेयर्सनी संप केला, आणि टीम मैदानात उतरली नाही तर मोठा दंड होता म्हणून मॅनेजमेंटने, मॅच जिथं होती त्या फिलाडेल्फियातूनच, हौशी पोरं गोळा केली. त्यांचा पिचर अ‍ॅलन ट्रॅव्हर्स हा कॉलेजातला विद्यार्थी, त्याने पूर्ण मॅच टाकली, 26 हिट आणि 24 रन दिले, टीम 24-2 ने हरली. तो पुढं जेझुइट पाद्री झाला. त्याच मॅचमधला एड अर्विन 3 वेळा बॅटिंगला आला आणि त्यात 2 ट्रिपल (एका फटक्यात थेट तिसरा बेस) मारून गेला, मेजर लीगमधली त्याची कमाई तेवढीच.