तैगा अरण्यातील अन्नजाळे व ऊर्जाप्रवाह

उत्तर गोलार्धात साधारणतः ५० ते ७० अक्षांशांदरम्यान अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया व रशिया यांत पसरलेल्या सूचिपर्णी अरण्याला तैगा म्हणतात. स्प्रूस, पाइन, फर, लार्च आणि अधूनमधून भूर्ज व ॲस्पेन हे येथील मुख्य उत्पादक, म्हणजे सूर्यप्रकाशातून अन्न बनवणाऱ्या वनस्पती. वाढीचा हंगाम तोकडा असल्याने वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत उरकावी लागते. जाती कमी असल्यामुळे येथील अन्नजाळ्याचे धागे उष्ण कटिबंधीय अरण्याच्या मानाने लवकर हाती लागतात.

एका पोषण पातळीवरून (अन्नसाखळीतील पायरीवरून) पुढच्या पातळीवर सुमारे १० टक्के ऊर्जा पोहोचते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. या नियमाचे मूळ रेमंड लिंडमन यांच्या १९४२ मधील लेखात दाखवले जाते. पण त्यांची मोजमापे मिनेसोटातील एका तळ्याची होती आणि प्रमाण पातळीगणिक बदलत होते. अरण्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. उष्ण रक्ताचे प्राणी पचवलेल्या ऊर्जेपैकी बहुधा १ ते ३ टक्केच वाढीत व पिलांत गुंतवतात; उरलेली श्वसनात, म्हणजे मुख्यतः अंग उबदार राखण्यात जाते.

तैगातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न स्नोशू ससा व त्याची शिकार करणारे रानमांजर लिंक्स यांच्या चक्राचा आहे. दोघांची संख्या ८ ते ११ वर्षांच्या अंतराने वाढते आणि कोसळते. कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या नोंदींवरून चार्ल्स एल्टन व मेरी निकोल्सन यांनी १९४२ मध्ये लिंक्सचे चक्र मांडले. कातडी म्हणजे प्रत्यक्ष गणना नव्हे. सशांचे व लिंक्सचे आकडे एकाच प्रदेशातले नसल्याने काही आलेखांत लिंक्सचे शिखर आधी आणि सशांचे नंतर आले. जणू ससेच लिंक्सला खात होते. चक्राचे कारण कोणी उपासमारीत शोधले, कोणी शिकारीत, तर कोणी सूर्यावरील डागांत. पहिल्या पक्षाकडे एक चांगला पुरावा होता: सशांनी कुरतडल्यावर भूर्जाला फुटणारे कोवळे कोंब राळेने माखलेले असतात आणि ससे ते टाळतात.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील क्लुएन सरोवराजवळ १९८६ ते १९९६ या काळात चार्ल्स क्रेब्स व सहकाऱ्यांनी हा वाद प्रयोगाने तपासला. प्रत्येकी १ चौ. किमी.चे पट्टे आखून काहींत जादा खाद्य टाकले, काहींत विजेच्या कुंपणाने सस्तन शिकारी अडवले, तर काहींत दोन्ही केले (घुबडे व ससाणे मात्र आत येतच राहिले). शिकारी अडवल्यावर ससे सुमारे दुप्पट, खाद्य दिल्यावर तिप्पट, दोन्ही केल्यावर ११ पट झाले. रेडिओ-पट्टा बांधलेल्या सशांपैकी बहुतेक शिकाऱ्यांच्या तोंडी गेले. उपाशी मेलेले थोडे. शिकाऱ्यांच्या सततच्या भीतीने माद्यांना पिले कमी होतात, असेही पुढे दिसले. खाद्य व शिकार यांची सांगड हेच स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य वाटते. याच अभ्यासात नवजात पिलांचे मोठे मारेकरी लाल खारी व भूखारी निघाल्या, ज्यांना आकृत्यांत शाकाहारी म्हणून दाखवले जाते.

तरीही ऊर्जेचा मोठा प्रवाह या शिकारीतून जात नाही. तो गळलेल्या सुया, लाकूड, मुळे व कवकांतून जातो. उत्तर स्वीडनमधील पाइनवनात पेटर होगबेर्य व सहकाऱ्यांनी झाडांच्या सालीचा वलयाकार पट्टा काढून पानांतील साखर मुळांकडे जाणे थांबवले. एक-दोन महिन्यांत मातीचे श्वसन सुमारे ५४ टक्क्यांनी घटले (२००१). म्हणजे मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडचा निम्म्याहून अधिक वाटा ताज्या प्रकाशसंश्लेषणावर, मुळे व त्यांना चिकटलेल्या संकवकांमार्फत (मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांमार्फत), चालत होता. नायट्रोजनाची तूट जमिनीवरील शेवाळीत राहणारे नीलहरित जीवाणू काही अंशी भरून काढतात.

युरेशियात सशांऐवजी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांचे ३ ते ५ वर्षांचे चक्र प्रमुख असून घुबडांची वीण त्यावर अवलंबून असते. उत्तर अमेरिकेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी हिवाळ्यात स्नोशू ससे मृत लिंक्सचे मांस खाताना टिपले आहेत.