वेगळी ताटवाटी कशासाठी? एचआयव्हीविषयीच्या एका जुन्या समजाचा खुलासा

एचआयव्ही असलेल्या माणसाचे ताट, कपडे आणि अंथरूण वेगळे ठेवावे, हा समज अजूनही इतका घट्ट आहे की निदान झाल्यावर अनेक घरांत औषधांची चौकशी होण्याआधी भांडी वेगळी होतात. हा समज निराधार आहे. हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. लाळ, घाम किंवा अश्रूंतून नव्हे. त्यामुळे एकत्र जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्यानेही लागण होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या उपचाराची, औषधे नियमित घेऊन ज्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आहे आणि तसेच टिकून आहे, तिच्याकडून लैंगिक संबंधांतूनही जोडीदाराला लागण होत नाही. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली. परंतु घरात वाळीत पडण्याच्या भीतीने माणूस गोळ्या लपवतो, लपवताना मात्रा चुकतात आणि विषाणू पुन्हा वाढू लागतो. घरच्यांनी हे नीट समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचे घर यांबाबतच्या भेदभावास मनाई केली आहे; न्यायालयाचा आदेश वगळता कोणालाही आपले निदान उघड करण्याची सक्ती करता येत नाही.