पंचरंगी शिंजीर आणि किरमिजी पाठीचा शिंजीर

लेप्टोकोमा या एकाच वंशातले दोन चिमुकले सूर्यपक्षी. पंचरंगी (लेप्टोकोमा झेलोनिका) भारतीय द्वीपकल्प, श्रीलंका व बांगलादेशात आढळतो. किरमिजी पाठीचा (लेप्टोकोमा मिनिमा) पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. सातारा जिल्ह्यात दोघेही राहतात, त्यामुळे त्यांची गल्लतही इथे होते.

‘मिनिमा’ म्हणजे सर्वांत लहान. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. लांबी जेमतेम ८ सेंमी. पंचरंगी किंचित मोठा, तरी १० सेंमी.च्या आतलाच, हा फरक झाडाखालून दिसत नाही. नराची छाती पाहावी. पंचरंगीच्या पिवळ्या पोटावर तपकिरी-लाल पट्टा बारीक असतो, मिनिमाचा चांगला रुंद आणि खालून काळ्या कडेचा. विणीचा हंगाम सरला की मिनिमा नराच्या डोक्या-गळ्याची झळाळी जाते, पाठीवरची लाली तेवढी उरते. पंचरंगी नर मात्र बारा महिने रंगीतच.

माद्यांपाशी भलेभले फसतात. दोघी तपकिरी, दोघी पोटाला पिवळसर. पंचरंगी मादीचा गळा पांढुरका असतो, पण फांद्यांच्या सावलीत त्यावर विसंबू नये. ती पाठमोरी होईपर्यंत थांबावे: शेपटीच्या बुडाशी कंबर लाल दिसली, तर ती मिनिमाच.

सातारा-सांगलीकडे या दोघांची वाटणी पावसाने केली आहे. महाबळेश्वर, कोयना, चांदोलीची दाट झाडी मिनिमाची. वाई, कऱ्हाड, सांगलीच्या परसातली जास्वंद नि केळफूल पंचरंगीचे. जंगलाकडेच्या गावांत आंब्यावर बांडगूळ फुलले, की दोघेही त्याच फुलांवर येतात. मध पितात, तशी परागांची ने-आणही करतात. पिल्लांना मात्र कोळी-किडेच भरवतात.

घरटे म्हणजे फांदीच्या टोकाला लोंबणारी इवलीशी थैली. कोळिष्टकाच्या धाग्यांनी तंतू बांधलेले, वरून सालीचे कपटे चिकटवलेले. वाऱ्यावर हलणारा कचरा वाटावा असे. आत बहुधा दोन अंडी. म्हणून परसातल्या झाडाची फांदी छाटण्याआधी असा ‘कचरा’ नीट निरखावा. मिनिमाची वीण मुख्यतः डिसेंबर ते मार्च. इतर वेळी तो फुलोऱ्यामागे घाटाच्या चढ-उतारावर हिंडत असतो.