बिळाच्या तोंडाशी: मातीत खणणाऱ्या एकट्या गांधीलमाशीची ओळख कशी पटत गेली

उघडी, भुसभुशीत जमीन. तिच्यात पेन्सिल जाईल एवढं भोक, शेजारी ताज्या मातीचा उकीर, आणि भोकातून पाठमोरी बाहेर येणारी बारीक कंबरेची काळी-तांबडी माशी. पाहणाऱ्याला धडकी भरते: खाली पोळं असणार, घोळका निघणार. पण खाली पोळं नसतं. हे बीळ एका मादीनं एकटीनं खणलेलं असतं. तिथे ना राणी, ना कामकरी, ना घर राखायला फौज. नांगी फक्त मादीला असते आणि तिचं मुख्य काम शिकार लुळी करणं. मुठीत धरली किंवा पायाखाली आली तर ती डंख मारेल, एरवी माणसाच्या वाट्याला जात नाही. माझी कळकळीची विनंती आहे, असं भोक दिसलं तर त्यात पाणी किंवा औषध ओतू नका. थोडा वेळ शेजारी बसा. या माशीविषयी जे काही माणसाला कळलं, ते असंच बसून कळलं आहे.

ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की एक जातीची गांधीलमाशी कोळी मारते, भिंतीतल्या भोकात नेते, चिखलानं तोंड लिंपते आणि त्यातूनच पुढे तशीच माशी निघते. निरीक्षण चोख होतं. फक्त कोळी ‘मेलेले’ असतात असं त्यानं धरलं, आणि हा एक शब्द सुटायला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली. आपल्याकडच्या कीटक-भृंग न्यायात भृंगाचा ध्यास घेऊन आत कोंडलेला किडाच भृंग होतो. चीनमध्येही माशी परक्या अळ्या दत्तक घेऊन वाढवते अशी समजूत होती. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग यांनी घरटी तपासून सांगितलं, की माशी स्वतःची अंडी घालते आणि त्या अळ्या म्हणजे पिल्लांचं अन्न असतं.

नाव देण्याचं काम बरंच पुढचं. 1758 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं अशा कितीतरी माश्या ‘स्फेक्स’ या एकाच प्रजातीत घातल्या. 1798 मध्ये विल्यम कर्बी यांनी त्यातून ‘ॲमोफिला’, म्हणजे वाळूची आवड असलेली, अशी वेगळी प्रजाती काढली. टाचणीला टोचलेल्या माशीची कंबर, पंखांवरच्या शिरा आणि मानेमागची पट्टी पाहून ही वर्गवारी झाली. ती माशी जिवंतपणी काय करत होती, ते टाचणी सांगत नाही.

तो प्रश्न फ्रेंच डॉक्टर लेओं द्युफूर यांना पडला. सर्सेरिस जातीच्या माशीनं बिळात साठवलेले चकचकीत भुंगेरे त्यांनी उकरून काढले, तर ते हलत नव्हते, पण सुकलेही नव्हते, सांधे अजून लवचिक होते. माशी त्यांना काहीतरी टिकवून ठेवणारा द्रव टोचत असणार, असं त्यांनी 1841 मध्ये मांडलं. अविन्योंमधले शाळामास्तर जाँ-आंरी फाब्र यांनी ते वाचलं आणि स्वतः बिळापाशी जाऊन बसले. 1855 मध्ये त्यांनी दाखवलं की भुंगेरे मेलेले नाहीतच, लुळे आहेत. डंख मज्जातंतूंच्या गाठींपाशी बसतो. त्यांनी सुई अमोनियात बुडवून त्याच जागी टोचली, तर तसाच भुंगेरा तसाच लुळा पडला. पिल्लाला ताजं अन्न मिळतं आणि ते अन्न त्याला इजाही करत नाही, हे कोडं असं सुटलं.

फाब्रचा दुसरा प्रयोग जास्त गाजला. एक स्फेक्स रातकिड्याला मिशीनं धरून बिळाच्या कडेपर्यंत ओढत आणायची, तिथे ठेवायची, एकटी आत जाऊन बीळ पाहून यायची, मग शिकार आत ओढायची. ती आत गेली की फाब्र रातकिडा थोडा लांब सरकवत. माशी वर यायची, शोधायची, पुन्हा कडेला आणायची, आणि पुन्हा एकटी आत. असं चाळीस वेळा झालं. पुढे ही गोष्ट ‘कीटक म्हणजे चावी दिलेलं यंत्र’ याचा पुरावा म्हणून मेंदूवरच्या लिखाणात सर्रास वापरली गेली. पण फाब्र यांनी पुढचंही लिहिलं होतं: दुसऱ्या ठिकाणच्या माश्यांवर हाच प्रयोग केला, तर दोन-तीन खेपांनंतर माशीनं पाहणी सोडून रातकिडा थेट आत नेला. हा अर्धा भाग सांगणाऱ्यांनी गाळला. तत्त्वज्ञ फ्रेड कायझर यांनी 2013 मध्ये ही गळती दाखवून दिली. मला हे फार लागतं, कारण ज्यानं तासन्‌तास बसून दोन्ही बाजू नोंदवल्या, त्याच्याच नावावर एकच बाजू खपली.

एकेक माशी वेगळी असते हे जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्यानं 1898 मध्ये अमेरिकेत ठामपणे मांडलं. त्यांना दिसलं की डंख दर वेळी ठरल्या जागी बसत नाही आणि डंख बसलेले काही किडे मरतातही. त्यांनी पाहिलेली एक ॲमोफिला तर डोळ्यांसमोर उभी राहते: बीळ बुजवून झालं, तिनं जबड्यात खडा धरला आणि त्यानं माती ठोकून ठोकून बसवली, आजूबाजूच्या जमिनीत बीळ ओळखूच येईना.

मग घर सापडतं कसं? डच जीवशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी नेदरलँड्समधल्या हुल्सहॉर्स्टच्या वाळूत मधमाश्या धरणाऱ्या फिलँथसच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं. तिला सवय झाल्यावर, ती बाहेर असताना, ते कडं बाजूला सरकवलं. माशी परतली ती कड्याच्या मधोमध, खरं बीळ सोडून. या कामावर त्यांना 1932 मध्ये डॉक्टरेट मिळाली. 1973 च्या नोबेलचे ते एक मानकरी. आणि द्युफूर? त्यांचा टिकवून ठेवणारा द्रव सर्सेरिसच्या बाबतीत चुकला, पण याच फिलँथसची मादी लुळ्या मधमाशीला तेलकट द्रव्याचा लेप देते आणि त्यामुळे बुरशी उशिरा धरते, हे एकविसाव्या शतकात समोर आलं.

ओळख पटवताना हा सगळा इतिहास हाताशी येतो. पोळी करणाऱ्या गांधीलमाश्या बसल्या की पंख लांबीत दुमडून अरुंद करतात. खणणाऱ्यांचे पंख पाठीवर सपाट राहतात आणि पुढच्या पायांवर माती ओढायला काट्यांची फणी असते. पण खरी खूण शिकारीत आहे. अळी नेणारी बहुधा ॲमोफिला, टोळ किंवा रातकिडा नेणारी स्फेक्स, घरमाशीसारख्या माश्या नेणारी बेंबिक्स. कोळी मागे मागे ओढत नेणारी, पंख झटकत धावणारी असेल तर तिचं कुळच वेगळं. मातीही बोलते: बेंबिक्स कुत्र्यासारखी वाळू मागे उडवते, ॲमोफिला मातीचा गोळा उचलून उडते आणि लांब टाकते.

याउपरही चूक होते. गेरार्ड बेरेंड्स यांनी 1941 मध्ये दाखवलं की एक ॲमोफिला एकाच वेळी अनेक बिळं सांभाळते, आणि दिवसाच्या पहिल्या फेरीत जे दिसेल त्यावर त्या दिवशी कुठल्या बिळात किती अळ्या न्यायच्या ते ठरवते. त्यांनी त्या माशीची जात कॅम्पेस्ट्रिस म्हणून नोंदवली. ती निघाली प्युबेसन्स. नाव बदललं, पण निरीक्षण जसंच्या तसं उभं आहे. म्हणून फोटो काढताना कंबर थोडी धूसर आली तरी चालेल. पायांत धरलेला किडा मात्र स्पष्ट यायला हवा, आणि बीळ बुजवताना तिनं काय केलं, ते तिथल्या तिथे लिहून ठेवायला हवं.