बारावीनंतरचे मोकळे वर्ष आणि मराठवाडा

मराठवाड्यात बारावीनंतर एखाद्या मुलाचे वर्ष मोकळे गेले, की नीटला गुण कमी पडले असतील आणि तो लातूरला किंवा नांदेडला रिपीटर बॅचला बसला असेल, असाच तर्क प्रथम केला जातो. पुढे प्रवेश घेताना त्या वर्षाचा खुलासा गॅप सर्टिफिकेटद्वारे करावा लागतो आणि त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रात या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, एवढेच प्रामुख्याने नमूद असते. शिक्षण थांबवून काही काळ समाजाचे काम करणे ही त्यामुळे परदेशी कल्पना वाटते. प्रत्यक्षात या भागात ती जुनी आहे; तिला रीतसर वर्षाचे रूप मात्र कधी आले नाही.

१९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी संप केला, अनेकांची नावे कमी झाली आणि त्यांतील बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. दहा वर्षांनी, निजामाच्या राजवटीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, शिक्षण सोडलेले तरुण मनमाड, उमरखेड अशा ठिकाणच्या सरहद्दीवरील कॅम्पांत दाखल झाले. निरोप पोचवणे, पत्रके वाटणे, निर्वासितांची सोय पाहणे ही कामेही या लढ्याचाच भाग होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर काही जण पुन्हा वर्गात बसले, काहींचे शिक्षण कायमचे सुटले. त्याला सुट्टीचे वर्ष म्हणणे अन्यायाचे होईल, कारण परत येण्याची हमी कुणालाच नव्हती.

हमी देणारी व्यवस्था इंग्लंडमध्ये उभी राहिली. तेथील सक्तीची लष्करी सेवा संपत आली असताना, १९५८ मध्ये ॲलेक डिक्सन यांनी शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना परदेशात सेवेसाठी पाठवण्यास सुरुवात केली; पुढे विद्यापीठातील जागा वर्षभर राखून ठेवण्याची पद्धतही तेथे रुळली. योगायोग असा, की लगेच १९५९ मध्ये भारत सरकारने चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी आणि तीत थोडे लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत व सामान्य शिक्षण यांचा समावेश असावा, अशी शिफारस या समितीने केली. खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ती मान्य झाली नाही. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी अनेक देशांतील प्रयोग अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवण्याचा सल्ला दिला, आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाच्या जागी दोन वर्षांत मिळून २४० तास आणि एक निवासी शिबिर, एवढ्यावर तो विचार थांबला. सक्ती टळली हे बरेच झाले, परंतु शाळा आणि महाविद्यालय यांमधील वर्षाचा मूळ मुद्दाही तिच्याबरोबर मागे पडला.

त्यानंतरही मराठवाड्यातील तरुण कामाला लागले ते प्रसंग ओढवल्यावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ढिगारे उपसण्यापासून मदतवाटपापर्यंतच्या कामांत विद्यार्थी होते. लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनी या शैक्षणिक संस्थेचे जे काम उभे राहिले, त्याचे मूळही या आपत्तीतच आहे. तातडीची गरज सरली, की बहुतेक मुले मात्र आपापल्या वर्गांत परतली.

यामागे उत्साहाचा अभाव नाही, हिशेब आहे. नीट किंवा सीईटीचे गुण पदवी प्रवेशासाठी त्याच वर्षापुरते चालतात, त्यामुळे सेवेसाठी थांबणाऱ्याला परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि मोकळे वर्ष आपोआप क्लासकडे वळते. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला आणखी एका वर्षाचा खर्च परवडत नाही. मुलीचे शिक्षण एकदा थांबले, तर ते लग्नाआधी पुन्हा सुरू होईल, याची खात्री तर अनेक घरांत कुणीच देत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जपून ठेवून परत येण्याची मुभा दिली आहे. पण तिचा उपयोग आधी महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्यालाच होतो.