लिटल मिस सनशाइन

लिटल मिस सनशाइन : अमेरिकन विनोदी चित्रपट (२००६). दिग्दर्शक जोनाथन डेटन व व्हॅलरी फॅरिस. पटकथाकार मायकल आर्न्ट. म्युझिक व्हिडिओंमुळे नावारूपाला आलेल्या डेटन-फॅरिस या दांपत्याचा हा पहिला कथापट. आर्न्ट यांचीही पडद्यावर आलेली ही पहिलीच पटकथा.

न्यू मेक्सिकोतील ॲल्बुकर्की येथे राहणाऱ्या हूव्हर कुटुंबातील लहानगी ऑलिव्ह (ॲबिगेल ब्रेस्लिन) कॅलिफोर्नियातील रिडाँडो बीच येथे होणाऱ्या बालसौंदर्यस्पर्धेसाठी निवडली जाते. सर्वांचे विमानभाडे परवडणारे नसल्याने सगळे घरच जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन व्हॅनमधून निघते. वडील (ग्रेग किनिअर) यशाच्या नऊ पायऱ्या शिकवतात, पण तो कार्यक्रम विकला न गेल्याने घर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आहे. मामा (स्टीव्ह कॅरेल) फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त यांचा अभ्यासक. आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकताच वाचलेला. थोरला भाऊ ड्वेन (पॉल डॅनो) वैमानिक होईपर्यंत बोलायचे नाही असे व्रत घेऊन बसला आहे. आजोबा (ॲलन आर्किन) हेरॉइनच्या व्यसनापायी वृद्धाश्रमातून काढले गेलेले. या सगळ्यांना धरून ठेवण्याचे काम आईकडे (टोनी कोलेट). एका गाडीत सहा माणसे आणि सहाही आपापल्या जागी एकटी, अशी ही रचना आहे. आजोबांचा वाटेतच मृत्यू होतो आणि त्यांचा देह इस्पितळाच्या खिडकीतून बाहेर काढून व्हॅनमध्ये ठेवला जातो. या प्रसंगावर प्रेक्षक हसतो, पण मृत्यूचे दुःख कुठेही हलके झालेले नाही.

पटकथेचा पहिला खर्डा सर्वसाधारणपणे २००० सालचा मानला जातो. तिचे मूळ दोन ठिकाणी दाखवले जाते. अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शाळकरी मुलांसमोर बोलताना हरणाऱ्यांविषयी तिटकारा व्यक्त केला होता. ते वाचून जग ‘जिंकणारे’ आणि ‘हरणारे’ असे विभागणाऱ्या वृत्तीवरच लिहावेसे वाटले, असे आर्न्ट यांनी सांगितले आहे. दुसरे मूळ म्हणजे त्यांच्या लहानपणीचा, क्लच बिघडलेल्या फोक्सवॅगनमधला लांबचा कौटुंबिक प्रवास. पहिल्या हकिकतीचा उल्लेख अधिक होतो आणि वडिलांचे पात्र तिच्यातूनच आलेले दिसते. तथापि चित्रपटाचा सांगाडा दुसरीने पुरवला आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. आरंभीच्या पटकथेत हा प्रवास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून फ्लोरिडाकडे होता. पुढे तो पश्चिमेकडे वळवण्यात आला.

चित्रपटातही वाटेत व्हॅनचा क्लच बिघडतो. त्याचा तपशील येथे सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण कथेचा सगळा भार त्यावर आहे. थांबलेल्या गाडीची चाके आणि फिरते इंजिन यांचा वेग जुळवून घेण्यासाठी क्लच लागतो. त्यामुळे त्याची खरी गरज पहिल्या व दुसऱ्या गिअरला असते. गाडीने वेग घेतला की तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये क्लचशिवायही जाता येते. चित्रपटातील मेकॅनिक हेच सांगतो : गाडी न्यूट्रलमध्ये ढकला आणि तिने ताशी पंधरा-वीस मैलांचा वेग धरला की थेट तिसरा गिअर टाका. म्हणून दर थांब्यानंतर सगळ्यांनी उतरून धक्का मारायचा आणि चालत्या गाडीत एकेकाने उडी घ्यायची. एकमेकांशी धड न बोलणारी ही माणसे पुन्हा पुन्हा एकाच कामाला खांदा लावतात. पात्रांना शेजारी आणायला दिग्दर्शकांना संवादांची गरज उरत नाही. आपण रंगांध आहोत, म्हणजे वैमानिक होणे शक्य नाही, हे कळल्यावर ड्वेनचे मौन किंकाळीने फुटते. कोणाच्याही समजावण्याने तो हलत नाही. ऑलिव्ह मात्र एक शब्दही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि त्याला जवळ घेते. चित्रपटातील हा सर्वांत उत्कट क्षण.

चित्रपटाच्या प्रकाराविषयी मतभेद आहेत. चित्रपट-अभ्यासक जेफ्री स्कॉन्स यांनी २००२ मध्ये उपरोधप्रधान अमेरिकन चित्रपटांसाठी ‘स्मार्ट’ ही संज्ञा रूढ केली. दुसरे अभ्यासक जेम्स मॅकडॉवेल यांनी २०१० च्या निबंधात ‘क्वर्की’ म्हणजे तऱ्हेवाईक अशा स्वतंत्र धाटणीची मांडणी केली. उपरोधाचे अंतर आणि मनःपूर्वक जिव्हाळा यांतील ताण हे त्यांच्या मते तिचे लक्षण. याउलट लेखक मायकल हर्शॉर्न यांनी २००७ मध्ये अशा तऱ्हेवाईकपणाच्या अतिरेकावर टीका केली होती. प्रस्तुत चित्रपटाला मॅकडॉवेल यांची मांडणी अधिक लागू पडते : ऑलिव्हचा स्पर्धेतील शेवटचा नाच बेढब आहे, पण कॅमेरा तिला हसत नाही.

‘स्वतंत्र’ (मोठ्या स्टुडिओंबाहेर निर्माण झालेला) हे विशेषणही जपून वापरावे लागते. एका स्टुडिओकडे काही काळ रखडलेली पटकथा निर्माते मार्क टर्टलटॉब यांनी परत विकत घेतली आणि सुमारे ८० लाख डॉलरमध्ये, ३० दिवसांत चित्रीकरण पुरे झाले. निर्मिती या अर्थाने स्वतंत्र होती. वितरणाचे हक्क मात्र जानेवारी २००६ मधील सनडान्स महोत्सवात फॉक्स सर्चलाइट या मोठ्या स्टुडिओच्या शाखेने सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरला घेतले. जगभरातील उत्पन्न सुमारे १० कोटी डॉलर झाले.

चार ऑस्कर नामांकनांपैकी साहाय्यक अभिनेता (आर्किन) आणि मूळ पटकथा (आर्न्ट) हे दोन पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात निर्मात्यांच्या नावांवरून वाद झाला : निर्मात्यांच्या संघटनेने पाचही जणांना मान्यता दिली होती, परंतु ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या नियमानुसार तिघांचीच नावे राहिली.

जेम्स लॅपाइन व विल्यम फिन यांनी चित्रपटावरून संगीत नाटक केले. ते प्रथम २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे आणि २०१३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये रंगमंचावर आले.