निवृत्ती-बचतीवरील राज्य प्राप्तिकर (अमेरिका)

अमेरिकेत ४०१(के), ४०३(बी), ४५७(बी) यांसारख्या नोकरीतील निवृत्ती-योजनांत पगारातून कापून घेतलेल्या किंवा स्वतःच्या आयआरए या वैयक्तिक निवृत्ती-खात्यात भरलेल्या रकमेवर राज्य सरकारे आकारत असलेला (किंवा माफ करत असलेला) प्राप्तिकर. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, करात मिळालेली सवलत राज्यातही मिळतेच असे नाही. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा नऊ राज्यांत पगारावर राज्याचा करच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक राज्ये फेडरल विवरणपत्रातील उत्पन्नाचा आकडा उचलून त्यात थोडी बेरीज-वजाबाकी करतात. तिथे विवरणपत्र भरण्याच्या सॉफ्टवेअरचे काम सोपे असते, कारण फेडरल भाग भरला की राज्याचा भाग बराचसा आपोआप भरून येतो. अडचण असते ती स्वतःची वेगळी व्याख्या ठेवणाऱ्या राज्यांत.

पेन्सिल्वेनिया हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे कराचा दर सरसकट ३.०७ टक्के असून कर्मचाऱ्याने ४०१(के) मध्ये भरलेली रक्कम करपात्र पगारातून वगळली जात नाही. एक लाख डॉलर पगारातून दहा हजार योजनेत गेले, तर डब्ल्यू-२ या वेतन-प्रमाणपत्राच्या पहिल्या रकान्यात, म्हणजे फेडरल वेतनात, ९० हजार दिसतात आणि सोळाव्या रकान्यात, म्हणजे राज्य वेतनात, एक लाख. त्या दहा हजारांवर राज्याला ३०७ डॉलर द्यावे लागतात. नवख्या माणसाला हा फरक छपाईची चूक वाटतो आणि तो दोन्ही आकडे सारखे करून टाकतो. तसे करू नये. सोळाव्या रकान्यात छापलेला आकडाच भरावा. याची दुसरी बाजू म्हणजे, योजनेच्या अटींप्रमाणे निवृत्त झाल्यावर काढलेल्या पैशावर पेन्सिल्वेनिया कर घेत नाही. मुदतीआधी काढल्यास स्वतः भरलेली रक्कम पूर्ण परत मिळाल्यावर जे वर उरेल, त्यावरच कर लागतो.

डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीत चित्र वेगळे. १ जानेवारी १९८४ पासून ४०१(के) मधील रक्कम राज्याच्या वेतनातूनही वगळली जाते, पण हा लाभ एकट्या ४०१(के) ला आहे. ४०३(बी) असणारी विद्यापीठातील प्राध्यापिका किंवा रुग्णालयातील परिचारिका, तसेच आयआरएत पैसे भरणारा कोणीही, यांना राज्याची वजावट मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सही आयआरएची वजावट देत नाही.

न्यू यॉर्कमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती-निधीतील कलम ४१४(एच) खालची कपात फेडरल करातून सुटते. राज्याच्या विवरणपत्रात मात्र ती उत्पन्नात पुन्हा जोडावी लागते. हा आकडा डब्ल्यू-२ च्या चौदाव्या रकान्यात येतो. त्या रकान्यातील मजकूर मालकागणिक वेगळा छापलेला असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ लागतोच असे नाही. यादीतून ‘४१४(एच)’ हा प्रकार निवडायचे राहिले, तर राज्याचे उत्पन्न कमी दाखवले जाते आणि पुढे नोटीस येते.

खरा पेच पैसे काढताना पडतो, तोही वीस-तीस वर्षांनी. ज्या रकमेवर राज्याने आधीच कर घेतला आहे, तिच्यावर तेच राज्य पुन्हा कर घेत नाही. पण ती रक्कम किती, हे करदात्याने सांगायचे असते. पैसे काढल्यावर मिळणाऱ्या १०९९-आर या प्रमाणपत्रावर येणारा करपात्र आकडा फेडरल हिशेबाचा असतो आणि सॉफ्टवेअर बहुधा तोच राज्याच्या रकान्यात नेते. न्यू जर्सीत आयआरएसाठी स्वतंत्र तक्ता भरून, खात्यातील शिल्लक आणि आधी कर भरलेली रक्कम यांच्या प्रमाणात सूट काढावी लागते. फेडरल फॉर्म ८६०६ वर वजावट न घेतलेल्या रकमेची नोंद राहते. राज्याच्या वेगळ्या हिशेबाला असा आधार नसतो. दरम्यान सॉफ्टवेअर बदलले किंवा जुन्या फायली गेल्या, की तोच पैसा दुसऱ्यांदा करात जाण्याचा धोका. म्हणून दरवर्षीचे डब्ल्यू-२ आणि राज्याचे विवरणपत्र जपून ठेवणे हे सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे. रॉथ खात्यांत कर आधीच भरलेला असल्याने हा गोंधळ फारसा होत नाही.

राज्य बदलल्यास गुंता वाढतो. पेन्सिल्वेनियात कर भरून साठवलेला पैसा दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर काढला, तर नवे राज्य त्या जुन्या कराची दखल घेईलच असे नाही. जुन्या राज्याचा हात मात्र सुटतो. जानेवारी १९९६ च्या फेडरल कायद्यानुसार, राज्याचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या अशा निवृत्ती-उत्पन्नावर कोणतेही राज्य कर लावू शकत नाही. न्यू जर्सीत नोकरी करून पुण्याला परतलेल्या मराठी माणसालाही हे लागू होते. त्याच्यापुढे उरतो फेडरल कर आणि भारतातील कर. भारतात १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०२१ साली घातलेल्या कलम ८९-ए नुसार फॉर्म १०-ईई भरून, अशा खात्यातील वाढीवरचा कर पैसे काढण्याच्या वेळेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय करण्यात आली.